खारे वारे, मतलई वारे

समुद्रापासून शेकडो मैल दूर, नागपुरात बसून समुद्रावरच्या सुटीचा बेत आखणे हा बऱ्याच अंशी वाचनाचाच प्रकार आहे. आम्ही तिघे मराठीचे प्राध्यापक; तिघांनीही चाळिशी ओलांडलेली. कोकणातले गद्य आणि सागरावरच्या कविता वर्षानुवर्षे शिकवत आलो, पण वाऱ्याची दिशा पाहून दिवस ठरवण्याची वेळ आमच्यावर कधी आली नव्हती. ती काइटसर्फिंगच्या बेताने आणली.

पायाखाली फळी, कमरेला पट्टा आणि पट्ट्याला वीस-पंचवीस मीटर लांबीच्या दोऱ्यांनी जोडलेला भलामोठा पतंग. या पतंगाच्या ओढीने पाण्यावरून घसरत जायचे, असा हा खेळ. पाण्यात पडला तरी पुन्हा उचलता येईल असा, हवा भरलेल्या नळ्यांचा पतंग फ्रान्समधील ब्रिटनीच्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या बंधूंनी घडवला व 1984 साली त्याचे पेटंट घेतले. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या खेळाच्या शर्यती प्रथमच झाल्या, त्या मार्सेयच्या समुद्रावर.

पतंग म्हटला की नागपूरकराला परकेपणा वाटण्याचे कारण नाही. संक्रांतीला गच्चीगच्चीवरून उठणारा 'ओ काट'चा गजर ऐकतच आम्ही वाढलो. मात्र हा अनुभव पाण्यावर फारसा कामाचा नाही. गच्चीवरचा पतंग आपण ओढतो. समुद्रावरचा आपल्याला ओढतो. गच्चीवर अडचण आली की ढील देता येते. येथे दोऱ्यांची लांबी ठरलेली. पतंग वाऱ्याच्या ऐन झोतात आला की ओढ सर्वांत अधिक, डोक्यावर किंवा कडेला असला की कमी. घाबरलेला शिकाऊ हातातला दांडा आवळून स्वतःकडे खेचतो आणि नेमकी त्यानेच ओढ वाढते. म्हणून पहिला धडा दांडा सोडण्याचा. तेवढ्याने भागले नाही, तर पट्ट्यावरची सुटकेची कळ वापरून पतंगाच्या ओढीतून मोकळे होण्याचा. वीस वर्षे वर्गावरची पकड सुटू न देण्यात घालवलेल्या माणसांना हा धडा सोपा जाईल असे नाही.

स्थळाचा विचार करताना मॉरिशसचा मोह झाला. तेथे ल मॉर्न डोंगराच्या पायथ्याशी हा खेळ रंगतो, आणि एकोणिसाव्या शतकात मजुरीसाठी गेलेल्या मराठी माणसांचे वंशजही त्या बेटावर आहेत. पण खर्चाचा आकडा पाहून आम्ही आपल्याच देशातल्या बेटाकडे वळलो. ते बेट म्हणजे रामेश्वर. मराठी मनाला ते यात्रेचे ठिकाण म्हणून ठाऊक. काशीहून आणलेली गंगा रामेश्वराला न वाहता तहानलेल्या गाढवाला पाजणारे एकनाथ आपल्या पाठ्यपुस्तकांतूनच भेटलेले. आमच्या आज्यांच्या पिढीला रामेश्वर दिसे ते संसार आटोपल्यावर. आम्ही मात्र तेथे शिकाऊ म्हणून जाणार. एप्रिल 2025 मध्ये नवा पांबन पूल खुला झाल्यापासून बेटापर्यंत आगगाडीही पुन्हा जाऊ लागली आहे.

वारा मात्र महाविद्यालयाचे वेळापत्रक पाहून वाहत नाही. दिवाळीची सुटी येते ती त्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पावसाच्या आणि वादळांच्या दिवसांत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात तो हा प्रकार. डिसेंबर ते मार्च ईशान्येचा वारा चांगला, पण तेव्हा वर्ग आणि परीक्षा. उरतो उत्तरपत्रिका तपासून झाल्यानंतरचा, मे अखेरचा नैर्ऋत्येचा वारा.

याच टप्प्यावर शाळेतले दोन शब्द आठवले. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई. फरक स्पष्ट करा, गुण दोन. आम्ही ते गुण मिळवले होते. शिकाऊ माणसाच्या दृष्टीने मात्र हा फरक दोन गुणांचा नाही. किनाऱ्याला तिरपा आणि किंचित जमिनीकडे झुकलेला वारा त्याला परत काठाला आणतो. मतलईच्या दिशेचा वारा खोल समुद्रात नेतो. आणि बेटावर तर एकच वारा दोन्ही भूमिका करतो. नैर्ऋत्येचा वारा मन्नारच्या आखाताकडच्या दक्षिण किनाऱ्यावर जमिनीकडे येतो, तर पाल्कच्या सामुद्रधुनीकडच्या उत्तर किनाऱ्यावर जमीन सोडून पाण्यावर जातो. तेव्हा कोणता वारा, एवढे विचारून भागत नाही. आपण कोणत्या काठावर उभे आहोत हेही सांगावे लागते. संहितेचा अर्थ वाचकाच्या स्थानानुसार बदलतो, असे आम्ही वर्गात सांगतो तेव्हा इतके रोखठोक उदाहरण आमच्याजवळ नसते.

त्याच बेटाच्या टोकाला धनुष्कोडी आहे. 22 डिसेंबर 1964 च्या रात्री आलेल्या चक्रीवादळात ते गाव उद्ध्वस्त झाले आणि प्रवाशांनी भरलेली आगगाडी लाटांनी गिळली. तेथील भग्न चर्चची छायाचित्रे पाहिल्यावर 'उथळ, शांत पाणी' या जाहिरातीच्या शब्दांकडे आम्ही जरा सावधपणे पाहू लागलो.

राहिला प्रश्न आमच्यातल्या एकाला पोहता येत नसल्याचा. अंगात तरंगते जाकीट असतेच, असा युक्तिवाद झाला. पण पतंग सुटल्यावर माणसाला स्वतःच्या बळावर काठ गाठता आला पाहिजे, यापुढे तो टिकला नाही. दोघांनी जावे आणि तिसऱ्याने वाळूवर बसावे, हा पर्याय स्वतः तिसऱ्यानेच सुचवला, आणि तो कोणालाच रुचला नाही. म्हणून यंदाचे रामेश्वर रहित केले आहे. सध्या पहाटे जलतरण तलावावर नाव नोंदवले असून तेथे आमचे सहाध्यायी बहुतांशी आठ-दहा वर्षांचे आहेत. ते आम्हांला श्वास कधी सोडायचा ते मोठ्या गांभीर्याने समजावून सांगतात, आणि आम्ही ऐकतो.