आमच्याकडे त्याला औषध म्हणतात

2017 चा सप्टेंबर. देवळी तालुक्यातल्या आमच्या वावरात कापसाची पराटी माणसाच्या खांद्याला लागली होती. पाऊस उघडला होता, पण वारा नव्हता आणि हवा कोंदलेली. आमचा सालदार सकाळी आठला पाठीवर पंप घेऊन ओळींत शिरला. अकराच्या सुमारास तो धुऱ्यावरच्या बाभळीखाली येऊन बसला. "भाऊ, डोळ्यापुढं धुपट आल्यावानी वाटते जी," एवढंच म्हणाला. तोंडातून लाळ गळत होती. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. त्या बारीक बाहुल्यांचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "कोणतं औषध मारत होता?" मला नाव सांगता आलं नाही. वावर माझं, पैसे माझे, आणि बादलीत काय कालवलं ते मला ठाऊक नव्हतं. माझा भाऊ परत शेतात गेला आणि रिकामे डबे घेऊन आला. एक मोनोक्रोटोफॉस, दुसरं रस शोषणाऱ्या किडीवरचं, तिसरी लेबल नसलेली 'टॉनिक'ची बाटली. एकाच फेरीत सगळं उरकावं म्हणून तिन्ही काडीनं ढवळून एकत्र केलेलं.

नाव कळणं एवढं गरजेचं का, हे मी नंतर समजून घेतलं. मोनोक्रोटोफॉस ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं. मज्जातंतूंचा निरोप पोचला की तो पुसून टाकणारं एक विकर शरीरात असतं. हे विष त्यालाच बांधून ठेवतं. मग लाळ, घाम सुरू होतात, बाहुल्या आकसतात आणि शेवटी श्वास अडतो. त्यावर अॅट्रोपिन चालतं. पण त्याच हंगामात सगळीकडे मारलं जाणारं डायफेन्थियुरॉन वेगळ्याच जातीचं, आणि त्यावर नेमका उतारा नाही. डब्यावरचं नाव हाती नसेल तर डॉक्टर अंधारात चाचपडतात.

आमचा सालदार सहा दिवसांनी घरी आला. वर्धा नदीच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात, त्याच हंगामात 20 हून अधिक शेतकरी-मजूर फवारणीच्या विषबाधेनं गेले आणि शेकडो दवाखान्यात पोचले. सरकारनं चौकशी पथक नेमलं. नोव्हेंबरात पाच कीटकनाशकांवर 60 दिवसांची बंदी आली; त्यांत मोनोक्रोटोफॉस होतं आणि डायफेन्थियुरॉनही. तोवर हंगाम सरत आला होता.

ही सगळी पराटी बीटी होती. ज्या बियाण्यामुळे फवारणी सुटेल असं आम्हाला सांगितलं गेलं, तेच हे बियाणं.

26 मार्च 2002 रोजी केंद्राच्या समितीनं बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. माझ्या वडिलांनी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी 450 ग्रॅमचं पहिलं पाकीट आणलं, तेव्हा गावात एकच चर्चा होती: हा पाला शेळीनं खाल्ला तर? ढेप म्हशीला चालेल का? सरकीचं तेल पोटात गेलं तर? भीती खरी होती आणि प्रश्न रास्त होते. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचं जनुक त्या झाडात घातलेलं. त्यातून बनणारं प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात जागं होतं, तिथल्या पेशींना चिकटतं आणि आतडं फोडतं. माणसाचं जठर आम्लधर्मी, आणि त्या प्रथिनाला चिकटायला जागाही आपल्या आतड्यात नाही. म्हणून ते प्रथिन मला सालदाराचा शत्रू वाटत नाही. बीटी वांग्याचा प्रश्न निराळा होता, कारण ते थेट ताटात येणार होतं. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत लोकांचं ऐकलं आणि 9 फेब्रुवारी 2010 रोजी त्याला स्थगिती दिली. ते बरं झालं असंच मला वाटतं. खाणाऱ्याला विचारल्याशिवाय ताटात काही वाढू नये.

पहिली काही वर्षं हिरव्या बोंडअळीचा फवारा खरंच कमी झाला. बाबा ते कबूल करत आणि मीही करतो. पण मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांना बीटीचं काही देणंघेणं नाही. संकरित, दाट, खताला चटावलेल्या झाडावर ते फोफावले आणि त्यांच्यासाठी नवे डबे आले. मग गुलाबी बोंडअळी आली. 2010 मध्ये गुजरातेत ती पहिल्या बीटीला जुमानेनाशी झाल्याचं जाहीर झालं. दोन जनुकांचं दुसरं बीटी 2006 पासून बाजारात होतंच. 2017 पर्यंत विदर्भात तेही तिनं पचवलं. त्या वर्षी आमच्या वावरात डोमकळ्या दिसल्या: न उमललेली, पाकळ्या एकमेकींत गुंतलेली फुलं. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आणि कवडी झालेला कापूस.

यात आमचा वाटा होता, तो लपवण्यात अर्थ नाही. प्रत्येक पाकिटासोबत 120 ग्रॅमची वेगळी पुडी येई, बिनबीटी बियाण्याची. ते शेताच्या कडेनं लावायचं, म्हणजे तिथल्या साध्या अळ्यांचे पतंग बीटी पचवलेल्या अळ्यांच्या पतंगांशी संकर करतील आणि प्रतिकार लवकर पसरणार नाही. आम्ही ती पुडी 'रेफ्युजी' म्हणून ओळखत होतो आणि बांधावर फेकत होतो. पाच-सहा ओळी किडीला कोण देणार? कृषी केंद्रातही कोणी समजावून सांगितलं नाही. पुढे जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पराटी न उपटता फरदड ठेवली, तेव्हा त्या अळीला बारमाही घर मिळालं.

केशव क्रांती नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे संचालक होते. त्यांनी अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन डेव्हिस स्टोन यांच्यासोबत 2020 मध्ये 'नेचर प्लांट्स'मध्ये वीस वर्षांचा हिशेब मांडला. शेतकऱ्याचा हेक्टरी कीटकनाशकांचा खर्च बीटीपूर्वीपेक्षाही वर गेला होता. आमच्या वहीतला हिशेबही तेच सांगतो. फरक इतकाच की वहीत औषधाची किंमत आहे, सालदाराच्या सहा दिवसांची नाही.

आणि आता 'चोर बीटी'. तणनाशक सोसणारं, परवानगी नसलेलं, बिलाविना मिळणारं. जून 2019 मध्ये शेतकरी संघटनेनं अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथं ते उघडपणे पेरून सरकारला आव्हान दिलं. त्यांचा राग मला कळतो. ऐन पावसाळ्यात निंदणाला बाई मिळत नाही, मिळाली तर मजुरी परवडत नाही. पण त्या बियाण्यासोबत ग्लायफोसेट येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2015 मध्ये ते 'बहुधा कर्करोगजनक' ठरवलं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेला ते मान्य नाही. शास्त्रज्ञांचा वाद चालू राहील. माझी अडचण वेगळी आहे: चोर बियाण्याचं बिल नसतं, आणि बिल नसलं की फसगत झाल्यावर दाद मागायला जागाच उरत नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्रानं ग्लायफोसेटची फवारणी फक्त परवानाधारक कीड-नियंत्रकांनीच करावी असा आदेश काढला. आमच्या पंचक्रोशीत असा परवानाधारक मी अजून पाहिलेला नाही.

सुरक्षिततेचा विचार करताना मला बाभळीखालची ती सकाळ आठवते. सप्टेंबरच्या उकाड्यात रबरी हातमोजे, चष्मा आणि मास्क घालून कोण टिकतं? फवारताना तल्लफ आली की तोच हात खर्रा चोळतो. विहिरीवरून पाणी आणून बादल्या भरणारी असते फवारणाऱ्याची बायको. तिच्या हाताला काय काय लागतं, हे तर कुणी विचारतच नाही.

त्या वर्षापासून आम्ही फरदड ठेवत नाही. डिसेंबरअखेर पराटी उपटतो, कामगंध सापळे लावतो. सुरुवातीच्या किडीला निंबोळी अर्क देतो. मोठ्या प्रादुर्भावात तो पुरत नाही, तेव्हा डबा उघडावाच लागतो. दोन औषधं एकत्र कालवायची नाहीत, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं तोंड करून फवारायचं नाही, पराटी छातीच्या वर गेली की पंप घ्यायचा नाही. सालदारानं पंप पुन्हा घेतला नाही. त्याचा मुलगा घेतो. त्याच्या खिशात मी प्रत्येक वेळी डब्याच्या लेबलाची चिठ्ठी ठेवतो, प्लास्टिकच्या पिशवीत, घामानं भिजू नये म्हणून. परवा मी लेबल वाचत होतो, तेव्हा तो दारातून ओरडला, "भाऊ, औषध देता ना?"