परतीची भरती

भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेकडून उत्तनची बस निघाली की थोड्याच वेळात इमारती विरळ होतात आणि मिठागरे दिसू लागतात. मुर्धा, राई, मोर्वा ही गावे मागे पडली की समुद्राचा वारा अंगाला लागतो. हा सारा टापू जुन्या लिखाणात धारावी बेट म्हणून येतो. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत येथील किल्ला मराठ्यांनी घेतला. चौकच्या टेकडीवर उभे राहिले म्हणजे त्याचे महत्त्व नकाशावाचून कळते. वसईच्या खाडीचे तोंड तेथून सरळ नजरेखाली येते.

भाईंदरच्या एका कापड व्यापाऱ्याच्या घरी पौष महिन्यात याच किनाऱ्याची योजना आखली गेली. नऊ वर्षांच्या नातवाने आणि पाच वर्षांच्या नातीने परदेशातील मुले आईवडिलांबरोबर होडी वल्हवत रानात जातात, तंबूत राहतात, असे चित्रपटात पाहिले होते. त्यांना तसेच करायचे होते. दूरच्या धरणांची नावे निघाली; पण आजोबांनी उत्तन ठरवले. कारण व्यवहारी होते. मध्यरात्री मूल रडू लागले तर तासाभरात घर गाठता यावे.

तयारी महिनाभर चालली. दोन्ही मुलांसाठी त्यांच्या वजनाच्या मापाची, पायांमधून पट्टा घेणारी जीवरक्षक जाकिटे आणली. मोठ्यांचे जाकीट लहान मुलाला घातले तर पाण्यात ते वर सरकते आणि मूल खाली जाते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ती जाकिटे प्रथम सोसायटीच्या तरणतलावात घालून पाहिली. तंबू एक रात्र इमारतीच्या गच्चीवर लावला. नातीला अंधाराची भीती वाटते, हे त्याच रात्री समजले. तंबू उत्तनला एका ओळखीच्या वाडीत, मालकाच्या परवानगीने लावायचा होता. खाकरे, ठेपले, कोरडी भेळ आणि उकळून गार केलेले पाणी यांची यादी आजींनी केली. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे, एवढीच त्यांची अट होती.

तिथी मात्र आजोबांनी काढली. पंचांग घरात रोजच पाहिले जाते. त्यावरून भरतीची वेळ सांगण्याची किनाऱ्यावरची जुनी रीत त्यांना माहीत होती: तिथीच्या आकड्याची पाऊणकी म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. हा ठोकताळा आहे, छापील कोष्टकाशी पडताळावाच लागतो. पण चुकतो तो थोडा. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण येते आणि प्रवाह जोरात असतो. अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत भांगाचे पाणी असते, ते मंद. म्हणून शुद्ध दशमी निवडली. सकाळी साडेसातला तुडुंब, शांत पाणी, आणि रात्री चांदणे. हिशेब चोख दिसत होता.

आठ दिवस आधी आजोबा नातवाला घेऊन जागा पाहायला गेले. बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. मुलाने नाकाला रुमाल लावला, तो आजोबांनी खाली करायला लावला. आपल्या घरात जे चालत नाही ते दुसऱ्याच्या दारात उभे राहून दाखवायचे नसते, ही समज प्रवासाच्या सामानात प्रथम हवी. आणि ज्यांच्या भरवशावर मुले पाण्यात उतरवायची, ती माणसे हीच होती.

जाळे विणत बसलेल्या एका वृद्ध कोळ्याने बेत शांतपणे ऐकून घेतला. "शेठ, साडेसातला पाणी भरलेलं असतं खरं. पण मग ते जातं कुठं?" साडेसातनंतर ओहोटी लागते आणि खाडीचे पाणी समुद्राकडे ओढ घेते. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा असतो, तोही जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. दोन्ही एकाच दिशेचे. मोठी होडी त्याचाच लाभ घेऊन बाहेर पडते; दोन मुलांची हलकी होडी मात्र त्याच वेगाने किनाऱ्यापासून दूर जाते, आणि वल्हवून परतण्याचे बळ बापाच्या एकट्याच्या दंडात उरत नाही.

आजोबांनी निघण्याची वेळ काढली होती. परतण्याची काढलीच नव्हती. आयुष्यभर उधारी देताना वसुलीचा विचार आधी करणाऱ्या माणसाला ही चूक फार लागली.

नवा बेत त्या कोळ्याने सांगितला तसा ठरला. दुपारी दीडची ओहोटी जाऊ द्यायची; तेव्हा खाडीकाठी चिखल असतो, मूल गुडघ्यापर्यंत रुतते. चारच्या सुमारास चिखल झाकला गेला की आडोशाच्या पाण्यात उतरायचे. तेव्हा भरती आत येत असते आणि वारा समुद्रावरून जमिनीकडे वाहतो. वल्हे हातातून सुटले तरी होडी काठाकडेच येते. हाकेच्या अंतरापलीकडे जायचे नाही, कोळ्याची होडी शेजारी असायची आणि पाच वाजता बाहेर. पौषात सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो, त्यामुळे आजींची अटही पाळली जाणार होती.

दशमीला ते तसेच झाले. वल्हवणे जेमतेम पाऊण तासाचे. नातवाला ते फार थोडे वाटले, नातीला पुरेसे. रात्री साडेदहाला ती घरी जायचे म्हणून रडू लागली, तेव्हा कोणीही तिची समजूत घालत बसले नाही. आईवडील तिला गाडीतून घेऊन गेले. आजोबा आणि नातू तंबूत राहिले.

सकाळी एकादशी, पाऊणकीने सव्वाआठ. दोघे काठावर गेले तेव्हा पाणी स्थिर दिसत होते. नातवाने वाळूत पडलेला नारळाचा एक सुका शेंडा पाण्यात सोडला. काही वेळ तो जागच्या जागी डुलत राहिला. मग हळूहळू फिरला, आणि कोणी ओढत नेल्यासारखा सरळ समुद्राकडे निघाला. मुलगा हातावरच्या घड्याळाकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने पाहत होता. पावणेनऊला तो दिसेनासा झाला.