श्रेयांकांचें वजन

दिवाळींत ईट येथें बहिणीकडे गेलों असतां भाची गुणपत्रक घेऊन हिशेब मांडीत होती. एका विषयांत श्रेणिगुण ९, दुसऱ्यांत ६, सरासरी साडेसात! पुढील प्रवेशास तितकेच हवे होते. पण पहिल्याचे श्रेयांक २, दुसऱ्याचे ४. एक श्रेयांक म्हणजे सत्रांत पंधरा तासांचें अध्यापन. तेव्हां दुसऱ्याचा भार दुप्पट. १८ आणि २४ मिळून ४२, भागिले ६, अवघे ७! पोरीचा चेहरा उतरला. तिच्या वडिलांस मात्र तें तत्काळ पटलें. दोन पोतीं ज्वारी महाग व चार स्वस्त विकली, तर सरासरी भाव स्वस्ताकडेच झुकावयाचा. आमच्या वेळीं नुसते टक्के असत, हें बोलण्याचा धीर मला झाला नाहीं.

"मामा, पुढच्या सत्राचे श्रेयांक सांगा पाहूं," म्हणून तिनें वहीचें पान उलटलें.