पार्टांसाठी वेगळं पाणी

ऑक्टोबर २०१४ मध्ये मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने शहराचं पाणी घेणं बंद केलं. त्या पाण्याने मशीनिंग झालेल्या पार्टांवर गंज चढत होता. त्याच शहरातली माणसं मात्र तेच पाणी आणखी वर्षभर पीत राहिली. ही हकीकत मी मंडळाच्या गणपतीत सांगितली आहे, चिंचवडला माहेरी सांगितली आहे, ऑफिसातल्या नव्या मुलांना तर हटकून सांगते. शेवटच्या वाक्याला दर वेळी माझा आवाज चढतो. आता पन्नाशीत तो खाली येईल असं वाटत नाही.

फ्लिंट म्हणजे मोटारींचं गाव, हे वेगळं सांगायला नको. आधी इथे घोडागाड्या बनत. त्या बनवणाऱ्या विल्यम ड्युरंटने १९०८ मध्ये जनरल मोटर्स उभी केली. १९३६-३७ च्या हिवाळ्यात कामगार कारखान्यातच ठाण मांडून बसले आणि ४४ दिवसांनी कंपनीला युनियनशी बोलावं लागलं. १९६० च्या सुमाराला लोकसंख्या दोन लाखांच्या घरात होती, २०२० च्या जनगणनेत ती ८१ हजारांवर आली. ब्यूइक सिटी हा अवाढव्य कारखाना १९९९ मध्ये बंद झाला. सॅगिनॉ स्ट्रीटवरच्या लोखंडी कमानीवर 'व्हेइकल सिटी' अजून लिहिलेलं आहे. आमच्या तळेगावलाही याच कंपनीचा कारखाना होता आणि २०२० च्या अखेरीस तिथलं उत्पादन थांबलं, त्यामुळे पिंपरी-चिंचवडच्या माणसाला या गोष्टीतलं अर्धंअधिक न सांगताच कळेल.

मी डेट्रॉइटच्या उपनगरात राहते आणि इंजिनाचे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी बघते. गंज हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते वितळत्या बर्फाबरोबर नदीत जातं. नदीच्या पाण्यात त्यामुळे क्लोराइड मुळातच जास्त. त्यात शुद्धीकरण करताना फेरिक क्लोराइड घातलं की ते आणखी वाढतं. एप्रिल २०१४ पर्यंत फ्लिंटला डेट्रॉइटकडून ह्युरॉन सरोवराचं पाणी मिळत होतं. पैसे वाचवायचे म्हणून ते तोडून शहराच्या फ्लिंट नदीचं पाणी सुरू केलं. त्या दिवशी अधिकाऱ्यांनी या नव्या पाण्याचे प्याले उंचावले, त्याची छायाचित्रं आहेत. डेट्रॉइटच्या पाण्यात पाइपांच्या आतून पातळ थर धरणारं फॉस्फेट घातलेलं असायचं. नदीच्या पाण्यात ते घातलंच नाही. त्याचा खर्च दिवसाला शंभर डॉलरच्या आसपास आला असता, असं नंतर तज्ज्ञांनी सांगितलं. जुना थर सुटत गेला आणि घराघरांत जाणाऱ्या शिशाच्या पाइपांतलं शिसं पाण्यात उतरू लागलं.

आता कारखान्याकडे वळू. त्यांचं वागणं अगदी रीतसर होतं. पार्टावर गंज दिसला, पाणी तपासलं, क्लोराइड सापडलं, शेजारच्या टाउनशिपला अजून ह्युरॉनचं पाणी येत होतं, ते घेतलं. शहराचं वर्षाला चार लाख डॉलरचं उत्पन्न बुडालं, तरी कुणी अडवलं नाही. त्या कारखान्यात क्वालिटीला मी असते तर मीही हेच केलं असतं. म्हणूनच मला राहवत नाही. चाकण असो की डेट्रॉइट, दोष सापडला की रिपोर्टात एक रकाना भरावा लागतो. आपल्याकडे शॉपफ्लोअरवरचा पोरगाही त्याला 'हॉरिझॉन्टल डिप्लॉयमेंट' म्हणतो. एका मशीनवर दोष निघाला तर तोच दोष आणखी कुठे असू शकतो ते शोधा, प्रत्येक मशीन, प्रत्येक लाइन, प्रत्येक सप्लायर बघा. हा रकाना कोरा असला तर मी रिपोर्ट परत पाठवते. फ्लिंटमध्ये एका पाण्यामुळे लोखंड गंजतंय हे कळल्यावर तेच पाणी आणखी कुठे जातं हा प्रश्न पडायला हवा होता. त्याचं उत्तर शोधायला प्रयोगशाळा लागत नव्हती. ते पाणी शाळांत जात होतं, दवाखान्यांत जात होतं, बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत जात होतं. राज्याचे अधिकारी, पाणीखातं, शहराचा कारभार बघणारा राज्याने नेमलेला प्रशासक, यांच्यापैकी कुणीही तो रकाना भरला नाही.

लोक गप्प नव्हते, हेही सांगायला हवं. तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन ते सभांना जात होते, मुलांच्या अंगावरचे चट्टे दाखवत होते. जानेवारी २०१५ मध्ये फ्लिंटमधल्या राज्य सरकारच्या इमारतीत कर्मचाऱ्यांसाठी बाटलीबंद पाण्याचे कूलर आले. लोकांना मात्र पाणी पिण्यायोग्य असल्याचंच सांगितलं जात होतं. शिशाची सरकारी कारवाईची पातळी तेव्हा अब्जात १५ भाग होती. एका घरातल्या पाण्यात १३,२०० भाग निघाले. हर्ली रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटीशा यांनी मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे सप्टेंबर २०१५ मध्ये सगळ्यांसमोर मांडले, तेव्हा आधी त्यांनाच खोटं पाडायचा प्रयत्न झाला. ऑक्टोबरमध्ये पाणी बदललं, पण शिशाचे पाइप तसेच राहिले. नदीच्या पाण्याच्या त्या दीड वर्षात, पाण्यातल्या जिवाणूंमुळे होणाऱ्या लीजनेअर या आजाराने किमान १२ माणसं गेली.

२०१६ च्या हिवाळ्यात आम्ही काही मराठी कुटुंबं बाटल्यांचे खोके गाड्यांत भरून एका चर्चच्या आवारात पोहोचवत होतो. तिथे ब्यूइक सिटीत लाइनवर काम करून निवृत्त झालेल्या एक बाई भेटल्या. पहिल्या दिवशी मी खोके उतरवत आपण मोठं काम करतोय अशा भरात होते. बाईंनी विचारलं, "तुझ्याकडे आंघोळीला किती पाणी लागतं?" मी मनात हिशेब केला. चिंचवडला पाणीकपातीतही एक बादली मिळायचीच. बादली म्हणजे पंधरा लिटर. अर्ध्या लिटरच्या तीस बाटल्या, म्हणजे एका खोक्यातल्या चोवीस पुरणार नाहीत. तीस झाकणं उघडायची, गरम करायचं, ओतायचं, आणि बाईंच्या घरात नातवंडं तीन. डाळ-तांदूळ धुणं, भांडी विसळणं वेगळंच. आम्ही दिवसभरात उतरवलेलं पाणी त्या एका गल्लीलाही जेमतेम आठवडाभर पुरलं असतं. बाई पुढे म्हणाल्या, "आणि घरच्या नळाचं बिल मी भरते." ते बिल त्यांनी पर्समधून काढून दाखवलं. माझ्या चांगल्या वस्तीतल्या बिलापेक्षा ते कितीतरी जास्त होतं.

इथे वाचकांना एक सांगते, कारण शिशाचा प्रश्न फक्त अमेरिकेचा नाही. पाणी स्वच्छ दिसतं म्हणजे त्यात शिसं नाही असं होत नाही. त्याला रंग नाही, वास नाही. पाणी उकळल्याने शिसं जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. जुन्या घराचे पाइप, नळाचं पितळ, सांध्यांचं डाखकाम कशाचं आहे ते विचारा. तपासणी केली असं कुणी म्हणालं तर कागद मागा, नमुना कोणत्या नळाचा घेतला तेही विचारा. घरात तान्हं मूल असेल तर संकोच करू नका.

हे सगळं लोकशाहीत कसं घडलं, असं मला पुण्याला विचारतात. प्रशासक नेमून शहराचे अधिकार काढून घेण्याचा कायदा मिशिगनच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये मतदान करून रद्द केला होता. डिसेंबरमध्ये विधिमंडळाने जवळपास तसाच नवा कायदा केला, आणि त्यात खर्चाची तरतूद घातली. अशी तरतूद असली की तो कायदा पुन्हा जनमताला लावता येत नाही. पुढे अधिकाऱ्यांवर खटले भरले, माजी राज्यपालांवरही आरोप ठेवले. २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आरोप ठेवण्याची पद्धतच बेकायदा ठरवली आणि २०२३ मध्ये सगळं प्रकरण संपलं. तुरुंगात कुणीही गेलं नाही. भरपाईचा ६२ कोटी ६० लाख डॉलरचा समझोता झाला, पैसे हातात पडायला लोकांना वर्षानुवर्षं थांबावं लागलं.

त्या बाईंकडे मी अजून जाते. शिशाचे पाइप बदलण्याचं काम २०२० मध्ये संपायचं होतं, ते संपल्याचं २०२५ च्या उन्हाळ्यात कोर्टाला कळवलं गेलं. जवळपास ११ हजार पाइप बदलले. बाईंचाही बदलला. आता शहराच्या पाण्याचे आकडे कित्येक वर्षं मर्यादेच्या आत आहेत, आणि आकडे पाहून निर्णय घ्यायचा हेच मी आयुष्यभर करत आले. मी त्यांना तसं सांगितलं, तक्ते काढून दाखवले. त्या ऐकून घेतात आणि कॉफीचं पाणी बाटलीतूनच घेतात. मला पूर्वी याचा राग यायचा, इतकं समजावूनही ऐकत नाहीत म्हणून. २०१४ मध्येही कुणीतरी त्यांना आकडेच दाखवले होते. आता मी तक्ते नेत नाही. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या नळाला लागणारे फिल्टर नेते, नातवाच्या मुलीसाठी वेगळे, आणि ते बसवून पहिलं पाणी किती वेळ सोडून द्यायचं ते चिठ्ठीवर लिहून फ्रिजला चिकटवते.