मेन्थियाच्या मुलखातून

पोन्फेर्रादा, शनिवार

ती. दादास सा. न.

टेम्पलरांच्या किल्ल्याखालच्या खाणावळीत बसून लिहितोय. ताटात बोतियो आहे, म्हणजे डुकराच्या बरगड्या नि शेपटी मसाल्यात मुरवून, आतड्यात भरून धुरावलेली. आईला सांगू नकोस. सोबतीला इथली मेन्थिया, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची लाल वाइन. जांभळी, चेरीच्या वासाची, पोटात सहज उतरणारी. किती वर्षं ठेवता येईल विचारलं, तर मालक म्हणाला, "ठेवायची कशाला?"

त्याचंही खरंच. स्पेनच्या या बिएर्थो खोऱ्यातली बहुतेक द्राक्षं पूर्वी सहकारी संघांत जायची. सपाटीवर पीक भरघोस, वाइन पातळ, वर्षभरात संपायची. मेन्थिया म्हणजे फ्रान्सच्या कॅबर्ने फ्रांची नातलग, असाही समज होता. डीएनए तपासणीत तो खोटा ठरला. पोर्तुगालातलं जाएन मात्र हेच द्राक्ष.

कोरुयोन, मंगळवार

दादा,

इथे चित्र पालटतं. 1999 मध्ये वाइन बनवणारा अल्वारो पालाथिओस आणि त्याचा भाचा रिकार्दो पेरेस यांनी या डोंगरावरच्या जुन्या वेलींना हात घातला, तेव्हापासून जगाचं लक्ष इकडे वळलं. उतार असा की ट्रॅक्टर चढत नाही, नांगराला खेचर लागतं. पायाखाली पाटीच्या दगडाचे कपचे करकरतात. वेली गुडघ्याएवढ्या, घड मोजके.

अडचण आंबटपणाची आहे. मेन्थिया पिकत आली की तो झपाट्याने उतरतो. तोडणी थोडी लांबली तरी वाइन मिळमिळीत होते, आणि आंबटपणाशिवाय वाइन म्हातारी होते, मुरत नाही. उंचावरच्या गार रात्री तो धरून ठेवतात.

एका तळघरात एकाच सालच्या दोन जुन्या बाटल्या उघडल्या. सपाटीवरच्या वाइनचा पेला तपकिरी, चव उकडलेल्या मनुकांची, मागे काहीच नाही. उतारावरची कडेला विटकरी, मध्ये अजून माणकासारखी. आधी ओल्या पाल्याचा वास, मग संत्र्याच्या सालीचा. घशाशी अजून चुरचुरत होती. वाढणाऱ्या बाईंनी पहिला पेला न बोलता मोरीत ओतला.

तेव्हा माझा कौल असा: सपाटीवरची तीन-चार वर्षांत संपव, जुन्या वेलींची डोंगरावरची दहा-बारा वर्षं खुशाल ठेव. मात्र थंड तळघरात. पुण्यात फ्रीजवरच्या फळीवर ठेवलेली कुठलीच वाइन मे महिना धड काढत नाही.

तुझा,
बंड्या