कनकेश्वर आणि रोलबॅक प्लॅन

पुढच्या शनिवारी कनकेश्वर. मी, आई आणि बाबा. ऑफिसात सांगितलं तर एकजण म्हणाला, "त्याला कसला प्लॅन लागतो? पायऱ्याच तर आहेत!"

खरंय. अलिबागच्या उत्तरेला, मापगावच्या डोक्यावरचा हा डोंगर. अठराव्या शतकात, राघोजी आंग्र्यांच्या काळात बांधलेल्या दगडी पायऱ्या थेट वर नेतात. दगडांवर रंगवलेले बाण शोधायला नकोत, वाटाड्या नको. चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. पण म्हणूनच की काय, बाकी कशाचा विचारच होत नाही.

बाबांच्या अँजिओप्लास्टीला आता आठ महिने झाले. रोज ४ किलोमीटर चालतात. डॉक्टरांनी स्ट्रेस टेस्ट बघून "जा, पण सावकाश" म्हटलंय. आता हे "सावकाश" एक्सेलच्या कुठल्या रकान्यात लिहायचं?

मग गणित मांडलं. पायऱ्या सातशेच्या वर. आपण ७५० धरू. पन्नास-पन्नासचे १५ टप्पे. दोन मिनिटं चढायचं, तीन मिनिटं टेकायचं. म्हणजे सव्वा तास. गेटवेहून सकाळची पहिली बोट, मांडव्याला रिक्षा, आठला पायथा. वर दर्शन, कुंडाजवळ थोडं बसणं, आणि ऊन तापायच्या आत खाली. महिना डिसेंबरचा निवडलाय. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद, ऑक्टोबरात घामाच्या धारा, श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला गर्दी. माणशी दीड लिटर पाणी. जिभेखाली ठेवायची गोळी बॅगेत नाही, बाबांच्याच खिशात. चढताना गप्पा मारत राहायचं. धाप लागून वाक्य तुटायला लागलं की थांबायचं. छातीत जरा जरी दाटलं तर चढ तिथेच संपला.

शेवटचा रकाना "परत फिरणे". साडेनऊ वाजले, की असू तिथून मागे.

आमच्या धंद्यात रिलीजच्या आधी रोलबॅक प्लॅन लिहितात. कधी मागे फिरायचं हे आधी, डोकं शांत असताना ठरवायचं. रात्री दोन वाजता प्रत्येकाला वाटत असतं की अजून दहा मिनिटांत सुटेल. डोंगरावरही "आता थोडंच राहिलंय" हेच वाक्य सगळ्यात धोक्याचं!

बाबांनी शीट वाचलं, चष्मा काढला.

"देवाच्या दारातून कुणी परत फिरतं का रे?"

"बाबा, तुम्हाला घेऊन जायचंय, तसंच घेऊन यायचंय."

ते काही बोलले नाहीत. पेपर उघडला. दोन दिवस विषय बंद. मला वाटलं, बेत बारगळला.

तिसऱ्या दिवशी चहा घेताना स्वतःच म्हणाले, "वाटेत देवाची पायरी लागते ना?"

लागते. त्या नावाची पायरीच आहे तिथे.

"मग असं लिही. नाहीच जमलं, तर तिथे डोकं टेकवायचं आणि उतरायचं. त्याची पायरी म्हणजे त्याचं दारच."

मी मुकाट्याने लिहिलं. माझ्या साडेनऊला त्यांनी हात लावला नव्हता, फक्त हरल्यासारखं वाटू नये एवढी सोय करून घेतली होती.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुम्ही दोघं बसा पायरीवर. मी वर जाऊन दर्शन घेऊन येते."

हा रकाना माझ्या शीटमध्ये नव्हताच. आता तिच्यासाठी पाण्याची वेगळी बाटली वाढवलीय.