खडकावरचा पिंपळ

पिंपळाचे बी मोहरीच्या दाण्याहूनही लहान असते आणि ते कोणी पेरीत नाही. तांबट, बुलबुल, मैना हे पक्षी पिंपळाची पिकलेली फळे खातात. रात्री वटवाघळे त्यांवर तुटून पडतात. आणि पोट भरल्यावर ही मंडळी जेथे विसावतात, तेथे त्यांच्या विष्ठेतून ते बी पडते. देवळाचे शिखर, विहिरीचा कठडा, पडक्या वाड्याची भिंत किंवा नदीकाठचा उघडा खडक, कोठेही पडले तरी त्याची तक्रार नसते. चिमूटभर धूळ आणि श्रावणातली ओल एवढ्या भांडवलावर ते रुजते. दोन पाने फुटतात न फुटतात तोच एक केसासारखे मूळ दगडावरून खाली उतरू लागते. त्याला माती हवी असते, आणि माती कधी कधी दहा-दहा हात खाली असते.

या प्रवासातली मुळाची रीत पाहण्यासारखी आहे. दगडाच्या गुळगुळीत पाठीवरून ते सहसा जात नाही; जेथे खाच असेल, सावली असेल, ओल टिकत असेल, तेथून ते वाट काढते. मातीला पोचेपर्यंत ते बारीकच राहते. एकदा का त्याचे टोक मातीत शिरले, की त्याचे रूप पालटते. ते मनगटाएवढे होते, मग मांडीएवढे होते. शेजारून उतरणारे दुसरे मूळ त्याला येऊन टेकले, तर दोहोंची साल एकमेकींत मिसळून जाते आणि पुढे ती मुळे दोन होती हे कोणाला सांगूनही खरे वाटत नाही. काही वर्षांनी असे दिसते, की झाडाने आपल्या दहाही बोटांनी तो दगड घट्ट धरून ठेवला आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर हे गाव जगदंबेच्या देवळामुळे प्रसिद्ध आहे. तालुक्याला नाव या गावाचे, कचेऱ्या मात्र पांढरकवड्यात, अशी तेथली वाटणी आहे. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा हमरस्ता या भागातून जातो. खुनी नदी येथून वाहत जाऊन पैनगंगेला मिळते. आणि पावसाळा सरता सरता रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशीची शेते डोलू लागतात. ही शेते ज्या काळ्या मातीत उभी आहेत, ती माती मुळात खडक होती. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त शिलारस बाहेर आला, थरावर थर साचून थिजला आणि त्याचा काळा बसाल्ट खडक झाला. जवळच्या झरी-जामणी तालुक्यात शिबला गावापाशी थिजत्या शिलारसातून बनलेले कोनदार खांब आहेत. कोणा पाथरवटाने ते घडवून रचून ठेवले असावेत, असेच पाहणाऱ्याला वाटते. ऊन, पाऊस आणि वारा यांनी हा खडक झिजवला. झाडांच्या मुळांनीही त्या कामाला हात लावला. मूळ फटीत शिरते, जाड होते आणि फट रुंदावते. शिवाय मुळांतून पाझरणारी सौम्य आम्ले दगडातील द्रव्ये हळूहळू सोडवून घेतात. अशा रीतीने खडकाची माती झाली. खडकावर चढलेल्या पिंपळाकडे पाहताना एवढे ध्यानात ठेवले, तर ते झाड काही अजब करीत आहे असे वाटत नाही. या मुलखात फार पूर्वीपासून चाललेले काम तेही करीत असते.

मात्र हेच काम देवळाच्या भिंतीत सुरू झाले, म्हणजे अवघड प्रसंग उभा राहतो. मूळ चिऱ्यांच्या सांध्यात शिरते आणि दहा-वीस वर्षांत भिंतीला तडा जातो. भिंत वाचवावी तर पिंपळ तोडला पाहिजे. आणि पिंपळावर कुऱ्हाड चालवण्यास सहसा कोणी धजत नाही. वरवर तोडला, तरी भिंतीत राहिलेले मूळ पुढच्या पावसाळ्यात पुन्हा कोंब धरते. म्हणून शहाणी माणसे रोप वीतभर असतानाच ते हलक्या हाताने मुळासकट काढून घेतात. असे काढलेले रोप बहुधा रस्त्याकडेला लावतात किंवा टाकून देतात. परंतु दगडाशी त्याची जी सोयरीक जुळलेली असते, ती न मोडता त्याला लहानशा तबकात वाढवण्याचाही एक मार्ग आहे.

त्या कलेला बोन्साय म्हणतात. शब्द जपानी आहे. ‘बोन’ म्हणजे उथळ तबक आणि ‘साय’ म्हणजे त्यात केलेली लागवड. जपानने ही विद्या चीनपासून घेतली. चीनमध्ये ७०६ साली बांधलेल्या एका राजपुत्राच्या समाधीत भिंतीवर चित्रे आहेत. त्यांपैकी एकात सेवकाच्या हातात तबक असून तबकात खडे आणि चिमुकली झाडे दिसतात. पुढे जपानी माळ्यांनी या कलेचे अनेक प्रकार पाडले. ज्या प्रकारात मुळे खडकाला कवटाळून खाली तबकातल्या मातीत शिरतात, त्याला ते ‘सेकिजोजू’ म्हणतात. आपल्याकडे पिंपळ, वड, उंबर, नांद्रुक ही एकाच कुळातली झाडे त्याला उत्तम. कारण हे काम ती कोणी न शिकवताच करीत आली आहेत. पिंपळाची पाने मोठी आणि लांब देठांची, त्यामुळे जाणते लोक नांद्रुकाला अधिक पसंती देतात. पण पिंपळाचे रोप फुकट मिळते आणि ते चिवट असते, ही गोष्ट नवशिक्याच्या दृष्टीने लहान नव्हे.

केळापूरच्या बाजूच्या एखाद्या सातवीतल्या मुलीने हे मनावर घेतले, असे समजावे. दगड तिला ओढ्यातच सापडेल. वाटोळा गुळगुळीत गोटा उपयोगाचा नाही, आणि हाताने भुगा होणारा मुरूमही नको. खाचाखळग्यांचा, बारीक छिद्रांचा, नारळाएवढा काळा दगड हवा. मातीच्या बाबतीत मात्र तिला एक आश्चर्य वाटेल. ज्या काळ्या मातीचा सारा तालुका अभिमान बाळगतो, ती कुंडीत नुसती घालून चालत नाही. पाणी मिळाले की ती फुगते आणि चिकट होऊन बसते. वाळली की आक्रसून भेगाळते आणि कोवळी मुळे तोडते. शेतात जे गुण, ते कुंडीत दोष ठरतात. म्हणून जाड वाळू, विटांचा चुरा आणि चांगले कुजलेले शेणखत एकत्र करून माती तयार करावी लागते.

आषाढाच्या सरी सुरू झाल्या म्हणजे मुहूर्त साधावा. रोपाची मुळे पाण्याने धुऊन मोकळी करावी, दगडाच्या पाठीवर ते बसवावे आणि एकेक मूळ खाचेत निजवून वर चिकणमाती लिंपावी. मुळांची टोके दगडाच्या खाली उतरलीच पाहिजेत. ती आखूड पडली, तर रोप आधी वर्ष-दोन वर्षे उंच, अरुंद भांड्यात वाढवून मुळे लांबवून घ्यावी लागतात. मग सारे सुतळीने बांधावे. येथे तार वापरण्याचा मोह होतो, कारण तिची गाठ पक्की बसते. पण मूळ जाड होऊ लागले की तार त्यात रुतते. सुतळी बिचारी आपले काम संपता संपता कुजून जाते. शेवटी तो दगड, मुळांसह आणि सुतळीसह, खोल कुंडीत मातीखाली पुरून टाकावयाचा. वर दिसते ते केवळ रोप. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, तो दगड आणि ती मुळे डोळ्यांआड होतात.

आणि मग तीन वर्षे काही करावयाचे नाही. या कामातला सर्वांत कठीण भाग हाच आहे. मुळांनी दगड धरला की ती वाट सोडून भलतीकडे गेली, हे उकरून पाहावेसे रोज वाटते. आणि उकरले की कोवळी मुळे दुखावतात. पाणी घालावे, शेंडे खुडावे, आणि खाली काय चालले आहे ते झाडावर सोपवावे.

घरातली वडीलधारी माणसे या वेळी एक प्रश्न विचारल्यावाचून राहणार नाहीत. ज्याने आकाशाला भिडावे त्या पिंपळाला तबकात कोंडून ठेवणे, हा अन्याय नव्हे काय? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बोन्सायला उपाशी ठेवून खुरटवतात, ही समजूत खोटी आहे. त्याला खत लागते, ऊन लागते आणि पाणी तर वेळच्या वेळी लागते. शेंडे व मुळे बेताने छाटल्यामुळे आणि जागा थोडी असल्यामुळे ते लहान राहते. तरीही एक गोष्ट उरतेच. भिंतीतला पिंपळ कोणावाचून अडत नाही. तबकातला पिंपळ मात्र एका माणसाच्या हातावर जगतो. ज्याने त्याला भिंतीतून उचलले, त्याच्यावर हे ऋण कायमचे राहते.

विदर्भात ते ऋण वैशाखात फेडावे लागते. पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा लहानशा कुंडीतली माती सकाळी भिजवली तर संध्याकाळपर्यंत कोरडी होते. पुढे दगड उघडा केल्यावर तर तो तव्यासारखा तापतो आणि त्याला बिलगलेली मुळे भाजून निघतात. थंड मुलखातल्या पुस्तकांत हे संकट फारसे आढळत नाही. येथे झाड दुपारच्या उन्हातून सावलीत न्यावे लागते, दगडावर ओले गोणपाट घालावे लागते. नळाला पाणी कमी असेल, तर तांदूळ धुतलेले पाणी जपून ठेवावे लागते. लग्नसराईत घर दोन दिवस बंद राहिले आणि शेजाऱ्याला सांगावयाचे राहून गेले, तर तीन वर्षांचे काम त्या दोन दिवसांत संपते.

शिवाय ती मुलगी तरी किती दिवस घरी राहणार? दगड उघडा करण्याची वेळ येईल तेव्हा ती दहावीत असेल. पुढे यवतमाळ, नागपूर किंवा आणखी कोठे शिकावयास जाईल. झाडाला तर तिच्याहून कितीतरी अधिक आयुष्य आहे. जपानमधील हिरोशिमा शहरात यामाकी नावाच्या कुटुंबाकडे एक पांढरा पाइन वृक्ष होता. १६२५ सालापासून तो कुंडीत वाढत आला आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी त्या शहरावर अणुबाँब पडला, तेव्हा स्फोटाच्या जागेपासून यामाकींची बाग सुमारे तीन किलोमीटरवर होती. घराच्या काचांचा चुरा झाला. परंतु झाड भिंतीच्या आडोशाला होते, ते वाचले. १९७६ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली त्या निमित्ताने, जपानने तिला बोन्सायची जी झाडे भेट दिली, त्यांत यामाकींनी हे झाडही दिले. ज्या देशाने बाँब टाकला त्याच देशाला ते दिले, आणि देताना त्या सकाळविषयी चकार शब्द काढला नाही. २००१ साली त्यांचे नातू ते झाड पाहण्यास वॉशिंग्टनला गेले, तेव्हा कोठे तेथल्या माळ्यांना ही हकीकत कळली. तोवर पंचवीस वर्षे ते माळी त्याला इतर झाडांसारखेच पाणी घालीत होते.

केळापूरच्या त्या मुलीने आपल्या धाकट्या भावंडाला पाणी घालण्याची सवय आधीपासूनच लावलेली बरी.

चौथ्या वर्षी पावसाळा लागला, की वरची माती दोन बोटे काढावी. हाताने उकरू नये. लोटीने पाण्याची बारीक धार सोडावी, म्हणजे माती आपोआप वाहून जाते आणि मुळाला धक्का लागत नाही. उघडे पडलेले मूळ प्रथम पांढुरके आणि नाजूक असते. त्याला हवेची सवय झाली, साल राठ झाली, म्हणजे काही महिन्यांनी आणखी दोन बोटे. अशा रीतीने दगड वरून खाली हळूहळू बाहेर येतो. सगळीच मुळे मनासारखी बसलेली नसतात. एखादे दगड सोडून लांबून गेलेले असते, ते कापावे लागते आणि कापताच त्यातून पांढरा चीक येतो. एखादे, जेथे त्याला निजवले होते ती खाच सोडून, स्वतः निवडलेल्या दुसऱ्याच खाचेतून उतरलेले असते आणि बहुधा तेच अधिक शोभते.

चैत्रात जुनी पाने गळून तांबूस पालवी फुटते, त्या सुमारास बुंधा धरून झाड किंचित हलवून पाहावे. दगडही त्याच्याबरोबर हलतो. ज्या सुतळीने दोघांना बांधले होते, ती शोधूनही सापडत नाही.